छपराखालची बाई

५ जानेवारी २००२
रिटायरमेंटचा संकल्प: रोज काहीतरी नवीन शिकायचं. सून सोडून कोणाकडूनही.

राजूच्या सातपूरच्या फॅक्टरीत मशीन बसवायला कोरियाहून मिस्टर ह्वांग आलेत. त्यांनी दिलेल्या पुस्तकातून सूनबाई तृप्ती चिनी अक्षरं गिरवत बसते. कोरियन लोकही ती वापरतात म्हणे. आज एक दाखवलं. वर छप्पर, खाली बाई. उच्चार 'आन', अर्थ शांतता. "गोड आहे ना, आई?"

गोड! बाई घरात कोंबली की शांतता, हे पुरुषालाच सुचणार. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी हे अक्षर फळ्यावरून पुसलं असतं, काढणाऱ्यासकट.

१२ जानेवारी
राजूला सहा महिने कोरियाला पाठवतायत, ह्वांगच्या कंपनीत ट्रेनिंगला. एकट्याला. तृप्ती इथे. दोघांपैकी कोण ठेवायचं, हे मला कोणी विचारलंच नाही.

संध्याकाळी
अक्षर वाईट नाही. तृप्तीला समजावता आलं नाही. छपराखालची बाई म्हणजे अर्थातच घरातली मोठी बाई. मी. तिला सोडून मुलगा गेला की शांतता संपली. ह्वांगना त्यांच्याच अक्षरानं पटवते. राजूचं जाणं रद्द झालंच म्हणून समजा.

२० जानेवारी, रविवार
ह्वांग जेवायला. पुरणपोळी. दारात रांगोळीनं तेच अक्षर काढलं. म्हणजे तृप्तीनं काढलं, छप्पर वाकडं आहे हे मी दाखवलं. ह्वांगना त्यावरून पाय टाकवेना. बूट हातात घेऊन घराला वळसा. मागे भांडी घासणारी कलाबाई ओरडली, "मॅडम, पावनं मोरीकडून आलं!"

जेवताना मुद्देसूद इंग्रजीत सांगितलं. घरच्या बाईपासून पुरुषाला तोडू नये. त्याचं पोट बिघडतं, मग डोकं. ह्वांग प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी डोळे पुसले. त्यांची बायको तिकडे सोलमध्ये, वर्षभर भेट नाही. विषयांतर झालं, पण मुद्दा पोचला.

तृप्ती कुजबुजली, "आई, ते वेगळंच समजतायत." तिला तूप आणायला पाठवलं.

२८ जानेवारी
ह्वांगनी मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला. सहा महिने रद्द.

आता दोन वर्षं. फॅमिली क्वार्टर. तृप्तीसकट.

राजू पाया पडला. "आई, तृप्तीला नेऊ का, हे साहेबांना विचारायची माझी हिंमत नव्हती गं. तुझ्यामुळे झालं." तृप्तीनं तर मिठीच मारली. ह्वांगना इंग्रजी येत नाही, हे आधीच ओळखायला हवं होतं. इतकी मान कोण हलवतं?

३ मार्च
गेले दोघं. बरं झालं. भाजीत मीठ कमी घालणारी गेली. आजची भाजी खारट. केली मीच.

कलाबाईला म्हटलं, काम झालं की बस जरा, चहा घे. ती म्हणाली, "नको मॅडम. तृप्तीताई होत्या तवा तुमचं बोलनं दोघींत वाटून यायचं. आता समदं मलाच."

उद्धट बाई. चहा दोन कप झाला होता. दोन्ही मीच प्यायले.