चितेआधी बॅटरी काढावी

मी बजाबाई धोंडीराम खरात, वय ७४, राहणार कुंभारी, तालुका दक्षिण सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. कुणाचा दाब नाही, डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं काचेची नळी देऊन मला बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, मोजायला लावावं. शाळा दुसरी. अधिक-वजा मात्र मास्तरापेक्षा पक्कं, कारण आमच्या बॅटरीच्या धंद्यात तिथं चुकलं की ठिणगी उडते.

१. घर मुलगा धनाजी याला. पत्रा गळतो. तो त्यानंच बसवलाय.

२. फाट्यावरचं बॅटरीचं दुकान, चार्जर आणि सगळं सामान नात अंकिता धनाजी खरात हिला. धनाजी म्हणतो, "आई, पोरगी उद्या लगीन करून जाईल की." जाऊ दे, दुकान संगं नेईल. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला हत्यारं पुजताना या शहाण्यानं शरणप्पाच्या टेंपोच्या नव्या बॅटरीची बुचं उघडली आणि कलशातलं बोअरचं पाणी आत ओतलं. आमचं पाणी लई खारं. बॅटरी महिन्यात बसली. शरणप्पा म्हणाला, "वैनी, पोरानं तीर्थ पाजलं व्हय? म्हणूनच वैकुंठाला गेली!" अख्खा फाटा हसला. अंकिता हसली नाही. म्हणाली, "आज्जी, आतल्या पत्र्याचं काय झालं असंल?" दुकान विचारणारीचं.

३. तर अंकिता, ऐक. शिशाचे दोन तऱ्हेचे पत्रे, मधे जाळी, भोवती तेजाब. एकमेकांना टेकले की खेळ खलास. न टेकता देवाणघेवाण केली की वीज. मी आणि सासू तशाच नांदलो, मधे धोंडीराम जाळी. वीज भरली की उतरलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होतो. चाळीस वर्षं बघते, अजून अंगावर काटा येतो. म्हणून चार्जिंगला लावून बघितल्याशिवाय बॅटरी 'मेली' म्हणायचं नाही. 'उतरली' म्हणायचं.

४. लहानपणी आम्ही टॉर्चलाच बॅटरी म्हणायचो. बिरप्पामामा दमलेले सेल उन्हात तापवून आणखी दोन दिवस उजेड काढायचा. मग ट्रकच्या बॅटऱ्या आल्या, उचलायला दोन गडी लागायचे. आता लिथियमवर अख्खी रिक्षा पळते, धूर नाही, आवाज नाही. तेही शिकून घे. शिशावर अडून बसू नको.

५. माझ्या छातीतली बॅटरी, म्हणजे पेसमेकर. काडेपेटीएवढा. पाणी घालावं लागत नाही, तेजाब नाही, आणि दर ठोक्याला मला ढकलतो. एवढंसं कुणी केलं असेल, त्याच्या पाया पडावंसं वाटतं, आणि मी सहसा कुणाच्या पडत नाही. डॉक्टरांना सांगून तो आधी काढावा, चितेत फुटतो. धनाजी, तिथं तरी पाणी शिंपडत बसू नको. अंकितानं तो उघडू नये, नुसता हातावर घेऊन बघावा. डॉक्टरांनी त्याची बोली दहा वर्षांची दिलीय, झालीत दोन.

मला खुशाल मेली म्हणा. त्याला म्हणू नका.

ठिकाण : कुंभारी
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

सही : बजाबाई धोंडीराम खरात (अंगठा नाही, नीट बघा)

साक्षीदार :
१. शरणप्पा मल्लप्पा बिराजदार, टेंपोवाले (कलम दोन वाचून पुन्हा हसले)
२. मानसिंग प्रभु रजपूत, फाट्यावरचे पंक्चरवाले