हयातभर मागची खोली

६ एप्रिल, सकाळ
आजपासून मृत्युपत्राचं काम हाती. आमच्या रोलिंग मिलमधला फकिरा काही न लिहिता गेला आणि तेरवीच्या आधीच पोरांनी कुलपं बदलली. माझ्या घरी असं होणार नाही. जन्मभर शिफ्ट सांभाळली, चार्ज कसा द्यायचा ते मला कळतं.

भिलाईतलं, नेहरू नगरचं घर माझं आहे. रजिस्ट्री अन्नपूर्णाच्या नावानं आहे, पण ते नुसतं कागदावर. बायकोच्या नावानं केली की सूट मिळायची, म्हणून आमच्या मिलमधल्या सगळ्यांनी तसंच केलं. हप्ते माझ्या पगारातून गेले. सही कुठं करायची हेसुद्धा तिला मीच बोट ठेवून दाखवलं.

९ एप्रिल
मसुदा तयार. वरचा मजला गौरवला, खालचा बबलूला. सीमाला काही नाही, तिचं लग्न करून दिलं. अन्नपूर्णासाठी मात्र मन मोठं करून एक कलम घातलं: ‘पत्नीस हयातभर मागच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील.’ खोली पश्चिमेची, दुपारी भट्टीसारखी तापते, खिडकीत कूलर बसत नाही. पण बबलूच्या लग्नापासून ती तिथंच झोपते. कधी तक्रार नाही.

१५ एप्रिल
नवं धोरण. मृत्युपत्र आहे हे पोरांना कळू द्यायचं, त्यात काय आहे ते नाही. धाक राहतो. जेवताना बबलूच्या कानावर घातलं. मोबाइलमधून मान वर न काढता ‘हां’ म्हणाला. हादरलाय. रात्री त्याच्या खोलीतून टीव्हीचा आवाजही आला नाही. लाइट गेली होती, ती गोष्ट वेगळी.

२२ एप्रिल
डोळे दाखवायला जायचं होतं. बबलूला ऐन वेळी रसमड्याच्या फॅक्टरीत काम निघालं. ठीक आहे. मसुद्यात त्याच्याकडून पोर्च काढला, गौरवला दिला.
शेवटी सीमा मरोद्याहून स्कूटीवर आली, तिनं नेलं. डोळ्यांत औषध टाकलं तेव्हा सकाळभर बाजूला बसून होती. येतेच ती. तिची नोंद करण्यासारखं काही नाही.

३० एप्रिल
गौरवचा हैदराबादहून महिनाभर फोन नाही. पोर्च परत बबलूला. खोडाखोड फार झाली, मसुदा फेअर करायला घेतला.

१० मे, रविवार
सगळ्यांना बसवून वाचन केलं. गौरव व्हिडिओ कॉलवर. दोघं भाऊ भांडतील या तयारीनं मी समजूत घालायची वाक्यंही पाठ केली होती. कामी आली नाहीत. गौरव हिंदीत म्हणाला, विकून टाका, तिथं राहायला कोण येणार. बबलूनं रायपूरला फ्लॅट बुक केलाय, हे मला तिथं, सगळ्यांसमोर कळलं. त्याच्या बायकोला, चंदाला, भिलाईची धूळ सोसत नाही. याच धुळीवर नवरा इंजिनिअर झाला, ते सोसलं.

लोभ लपवताहेत दोघं. माणूस हवं असतं तेव्हाच नको म्हणतो. तरी वाईट वाटलं. या घरासाठी डबल ड्यूट्या केल्या, आणि एकालाही त्यातली वीट नको.

सीमा वाचन संपायच्या आधीच कप उचलून आत गेली. अन्नपूर्णानं मात्र तिचं कलम मला पुन्हा वाचायला लावलं. चष्मा काढून डोळे पुसले. भारावली बिचारी.

१९ मे
वकिलानं रजिस्ट्री पाहिली आणि म्हणाला, घर बाईंचं आहे, मृत्युपत्र त्यांनी करायचं, तुमचं काम नाही. उद्धट माणूस. वकील बदलायचा.
तोवर मधला मार्ग काढला. मजकूर माझा, सही अन्नपूर्णाची. तिला सांगितलं. ‘पाहू’ म्हणाली. म्हणजे हो. साक्षीदार म्हणून भय्याजीला सांगून ठेवलं, वहिनी बोलावतील तेव्हा जा. प्लांटमध्ये तो माझा रिलीव्हर होता, माझी शिफ्ट संपली की चार्ज घ्यायचा, एकदाही उशिरा आला नाही.

२ जून
मायलेकी दुर्गला गेल्या, लोणच्याचे आंबे आणायला. संध्याकाळी हात हलवत आल्या. आंबे चांगले नव्हते म्हणे. एक काम धड होत नाही.

४ जून
भय्याजी आला. चहा पिता पिता म्हणाला, परवा दुर्गला वहिनींचं काम एका फेरीत झालं, मी सही करून आलो, तुमीच तं सांगून ठेवलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. अन्नपूर्णा भेंडी चिरत होती. चिरणं थांबवलं नाही.

‘घर सीमाच्या नावानं लिहून देलं. पोरायले नको होतं, तुमीच तं सगळ्यायसमोर विचारलं. तुमची चिंता नोका करू. तुमचंच वाक्य घेतलं मी. फक्त पत्नीच्या जागी पती टाकाले लावलं.’

मी म्हणालो, ती खोली फार तापते.

‘मले मालूम आहे,’ ती म्हणाली.

७ जून, दुपार
मागच्या खोलीत बसून पाहिलं. थोड्याच वेळात बनियन भिजलं. खिडकीचं माप घेतलं. कूलर खरंच बसत नाही.

सीमाला फोन केला. आधी तब्येत विचारली, मग जावयाची, मग पोरांच्या शाळेची. मग म्हणालो, बेटा, ती खिडकी थोडी मोठी करून घेता येईल का.

म्हणाली, आईले विचारून सांगते.