दोन होकार

आबा, मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एमबीबीएसनंतरची एमडी आणि संशोधनातली पीएचडी एकत्र, असा तो लांबलचक अभ्यास. एक जागा दक्षिणेत. तिथली प्रयोगशाळा नावाजलेली, पण पेशंट क्वचितच समोर येणार. दुसरी पुण्यात. सकाळी सिकलसेलच्या मुलांचा वॉर्ड, दुपारनंतर प्रयोगशाळा. मागच्या वर्षी हे झालं असतं, तर आईने म्हसावदभर पेढे वाटले असते. आता कुणाला काही सांगावंसंही वाटत नाही. श्रावणात धाकटी गेली.

तिच्या रक्तात सिकलसेल आहे हे तुम्ही हयात असतानाच कळलं होतं. थंडी पडली की ती गुडघे पोटाशी घेऊन म्हणायची, "ताई, मन्हा पाय दुखतस. तू डॉक्टर व्हयनी ना, मंग काही कर ना." मी सलाईन लावायचे, गोळ्या द्यायचे, तळवे चोळत बसायचे. त्यापुढे मला काही येत नव्हतं, म्हणून तर संशोधनाचा हट्ट धरला. शेवटच्या खेपेला तिच्या छातीत दुखू लागलं. शहाद्याहून नंदुरबारला नेताना मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तिचा मास्क धरून बसले होते. प्रकाशा गावाच्या अलीकडे तिने विचारलं, "तापी उनी का?" मी म्हटलं, हो, आली. त्यानंतर ती बोलली नाही.

अजून आठवतं, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात तुमच्या प्रयोगशाळेत मी उभी आहे, शाळेच्या गणवेशातच. उसाचा रस चाखून मी म्हणते, गोड आहे. तुम्ही साखर मोजायच्या यंत्राची काच पुढे करून रागावता, "जिभवर भरोसा नको ठेवू. काचम्हा देख." त्या दिवसापासून वाटत आलं, नीट पाहिलं की उत्तर सापडतंच. आबा, तिच्या रक्तातल्या कोयत्यासारख्या वाकड्या पेशी मी काचेतून कितीदा नीट पाहिल्या. तिचं दुखणं तसूभर कमी झालं नाही.

दक्षिणेतल्या प्राध्यापिकांनी फोनवर विचारलं, "हाच आजार का निवडलात?" नंतर कळवते म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी येताय?" मी म्हटलं, सोमवारी. याला निवड म्हणत नाहीत, मला कळतं.

आई ओसरीवरून म्हणते, "आते तू शहादालेच दवाखाना टाक. मी जागा देखी ऱ्हायनी." मी होकारार्थी मान हलवते. उद्या सोमवार. पुण्याचं तिला सांगायचा धीर अजून झालेला नाही. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच तुम्हाला आधी सांगितलं.