मनाने कौल दिला नाही

ऐत वझरू,
२९ जुलै

ती. मोकरानदद्दास,
धाकट्या बहिणीचा, ताऊसचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतोस, तेव्हा आपलं पत्रच बरं. फ्रान्सच्या त्या गिरणीने तुझे कान घेतले. अक्षर मात्र तिने होतं तसंच ठेवलंय, कोंबडीने उकरल्यासारखं.

इकडे उकाडा असा की अंजिरं झाडावरच वाळताहेत. तुझा भाचा यूबा मजेत आहे. शुक्रवारी तो शेजारच्या म्हाताऱ्या नन्ना वर्दियाला पाठुंगळी घेऊन झऱ्यावर बसवून आणतो. तिचे पाय पार गेले, जीभ शाबूत आहे. वाटभर त्याच्या डोक्यावर टपल्या मारते आणि ओरडते, गाढवा, नीट चाल. हा मुद्दाम उड्या मारतो.

यंदा त्याने आपल्या खालच्या जैतुनाच्या बांधावर एका परक्याला जागा दिली आहे. पठारावरचा अरब आहे, नाव लख्दर. मधमाश्यांच्या पेट्या घेऊन आलाय. त्याला आपली कबायली बोली येत नाही, माझं अरबी ऐकून तो तोंड फिरवून हसतो. मला खालती म्हणतो, म्हणजे मावशी. गावात कुरबुर चालली आहे. यूबा म्हणतो, माश्या काय जात विचारून फुलावर बसतात का?

एक सांगू? हसू नकोस. काही दिवसांपासून माझ्या छातीवर कोणी धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय. आपल्या आईला, यम्मालाही असंच व्हायचं, आणि मग काहीतरी घडायचंच. आपल्या पीराच्या, सीदी अहसेनच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले, बायकांनाही सांगितलं की बाई, काहीतरी येणार आहे. यूबाचं निदान असं की यम्मा, तुला गॅस झालाय, बडीशेपेचं पाणी पी. प्यायले. धोंडा तिथेच आहे.

तब्येतीला जप. माझ्यावर माया आहेच, तिच्यात कमी करू नकोस.

तुझी,
ताऊस


रूबे,
फ्रान्स, ७ ऑगस्ट

चि. ताऊस हिस,
दद्दाचे अनेक आशीर्वाद.

माझ्या अक्षराला नावं ठेवणारी तू, तुझं पत्र वाचायला मला दोन चष्मे लागतात. यूबाचं निदान मला पटलं. तुझं वजन किती, तू खातेस किती, मग धोंडा बसायला छातीशिवाय जागा कुठे आहे?

पण यम्माची लेक आहेस, म्हणून पुरतं हसूही येत नाही. बाबा खाणीत दगावले त्या दिवशी निरोप यायच्या आधीच तिने चूल विझवली होती. मी लहान होतो तरी ती ओली राख मला आठवते. तेव्हा फारच वाटत असेल तर काही दिवस इकडे निघून ये, तिकीट मी काढतो. यूबालाही आण. या वयात त्याने म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन फिरण्यापेक्षा एखादी मुलगी बघावी.

त्या मधवाल्याचं मात्र मला रुचलं नाही. परक्याला जागा देताना गावाला विचारायला नको? यूबाचा हात सैल, जीभही सैल. त्याला सांग, मामाने कान उपटायला सांगितलेत.

उत्तर लगेच पाठव. दद्दाची आठवण ठेवत जा.

तुझा,
मोकरान


शाळा, खालचा बाजार,
१६ ऑगस्ट

ती. दद्दास,
सलाम.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमन शोधत शोधत इथे शाळेत आला. म्हणाला, नन्ना ताऊस, तुझ्या दाराशी टाकलं असतं, पण दार नाही. मग कठड्यावर बसून रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं.

तुझ्या मुलीला फोनवर सगळं सांगितलंय. तिने तुला कसं सांगितलं असेल, तुझ्या कानात ओरडून सांगितलं असेल का, हेच मनात येत राहतं. अशी गोष्ट ओरडून कशी सांगायची? म्हणून लिहिते.

दरीपलीकडे सकाळपासून धूर होता. जो तो म्हणत होता, लांब आहे. दुपारी दक्षिणेचा वारा उठला आणि लांबचं जवळ झालं. असा आवाज, दद्दा, जसं कोणी डोंगराएवढं कापड फाडतंय. पुरुष हिरव्या फांद्या घेऊन धावले. बादल्या, पिंपं, जे हाताला लागेल ते. पाइनची झाडं पेटत नव्हती, फुटत होती. यूबाने मला ट्रकमध्ये चढवलं. मी त्याचा सदरा धरून ठेवला होता. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाला, नन्ना वर्दिया वर राहिली आहे, तिचा मुलगा आक्ली खालच्या बाजूला आग विझवतोय, तिला घेऊन आलोच. आलोच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सापडले. झऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर. ती त्याच्या पाठीवरच होती. दोघांना वेगळं करायला वेळ लागला, असं आक्ली बोलून गेला आणि मग त्याने स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. मला तोंड बघू दिलं नाही. दफन झालं तेव्हा माती अजून कोमट होती.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? बातमी आली त्या क्षणी छातीवरचा धोंडा उतरला. एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणाची मला इतकी शिसारी आली आहे की श्वास घ्यायला नको वाटतं.

घर नाही. जैतुनं नाहीत. त्याचं मला काहीच वाटत नाही.

ताऊस


रूबे,
२४ ऑगस्ट

चि. ताऊस,
आशीर्वाद कोणत्या तोंडाने देऊ?

अक्षर समजून घे. तो लहान असताना मी सुट्टीत यायचो, तेव्हा माझ्या बुटात पाय घालून अंगणभर खडखड चालायचा. एवढंच डोळ्यांपुढे येतंय. मोठा झालेला आठवायला जातो, तर ते बूटच दिसतात.

इथल्या कॅफेत आपले सगळे जमतात. कोणी कपडे गोळा करतंय, कोणी औषधं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट आहे. तो मधवाला. त्याच्याकडे चिंध्या पेटवून माश्यांना धूर द्यायचा डबा होता म्हणतात. आग वर यायच्या आधीच तो उतारावरून पळताना दिसला म्हणतात. खरं आहे का? त्याला धरलंय का? की आपल्या लोकांनी बांगड्या भरल्यात?

ताऊस, मी तिथे असतो तर माझ्या या दोन हातांनी काय केलं असतं, ते लिहीत नाही. माझ्या भाच्याने त्याला बांध दिला, भाकरी दिली. तुझ्या मनाने वणवा आधी ओळखला, मग पेटवणारा ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? मनाला विचार. मग गावासमोर उभी राहा आणि बोट दाखव. माझ्या वतीनेही दाखव.

तुझा अभागी,
मोकरान


शाळा, खालचा बाजार,
५ सप्टेंबर

ती. दद्दास,
सलाम, वि. वि.

तू विचारायला सांगितलंस. तुझं पत्र यायच्या आधीच विचारून झालं होतं. जे घडलं तसंच्या तसं लिहिते. रागावशील. रागाव.

दफन झाल्यावर थोड्याच दिवसांत लख्दर शाळेत आला. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, भुवया जळालेल्या. माश्या, पेट्या, सगळं गेलं होतं. वेड्यासारखा मला भेटायला आला होता, यूबासाठी दोन शब्द बोलायला. मैदानात त्याला कोणीतरी ओळखलं. आधी एक आवाज उठला, मग शंभर. तो धावत सुटला आणि जे दार उघडं दिसलं त्यात शिरला. ते आम्हाला राहायला दिलेल्या वर्गाचं होतं. बाकांच्या मागे भिंतीला चिकटून उभा राहिला.

दारात आपलीच माणसं होती, दद्दा. ज्यांच्या बारशाला मी कुसकुस शिजवला ती. मला बघून थांबली. सगळ्यांत पुढे आक्ली होता. त्याचा आवाज अगदी मऊ होता, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाला, नन्ना, तुला आधी कळलं होतं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुझा यूबा गेला, माझी आई गेली. आता तूच सांग. तू फक्त हो म्हण, बाकी आमच्यावर सोड.

मी डोळे मिटले. छातीवर हात ठेवला. खरंच विचारलं. यम्माला स्मरून, सीदी अहसेनला स्मरून विचारलं. काही नाही. कोरड्या विहिरीत वाकून हाक मारावी आणि आपलाच आवाजही परत येऊ नये, तसं.

तुझ्यापासून काय लपवू? तोच असावा असं मला वाटत होतं. कोणीतरी असावं. वारा होता, उन्हाळा होता, एवढ्यासाठी माझं पोर गेलं हे मी कुठे नेऊन ठेवू? हो हा शब्द जिभेवर आला होता. त्याने किती बरं वाटेल, तेही कळत होतं.

मी डोळे उघडले आणि म्हणाले, मला माहीत नाही. मग म्हणाले, तुम्हालाही माहीत नाही. आणि उंबऱ्यात आडवी बसले.

मागून कोणीतरी ओरडलं, म्हातारीला पोराचं दुःख नाही. आक्ली म्हणाला, नन्ना, ऊठ, अगं तुझा स्वतःचा मुलगा! मी म्हटलं, म्हणूनच. यूबाच्या नावाने काही करायचं तर मला विचारूनच होईल, आणि मी नाही म्हणते. हा त्याचा पाहुणा आहे. पोलिसांकडे द्या, चौकशी होऊ दे, फाशी होऊ दे. पण इथून जायचं तर मला तुडवून जा.

त्याने मला खांद्याला धरून उचललं. दुखलं. अजून वळ आहेत. मग काय झालं कोण जाणे, त्याचे हात सैल पडले. माझ्या शेजारी उंबऱ्यात बसला आणि आई, आई करत लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोलीस येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. ते लख्दरला आमच्या डोक्यांवरून घेऊन गेले.

आता शाळेत माझ्या बाजूला कोणी अंथरूण घालत नाही. बायका मला बघून नळावरून कळशी उचलतात. तूही तोंड फिरवणार असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
ताऊस


रूबे,
१२ ऑक्टोबर

चि. ताऊस हिस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रागावलो होतो. तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन फिरलो, बाहेर काढायचो आणि परत ठेवायचो. काल कॅफेत कोणीतरी म्हणालं, मोकरान, तुझ्या बहिणीने तर पोराच्या खुन्याला वाचवलं. मी कप असा आपटला की बशी फुटली. तुझ्यावर मी रागावेन, मी दद्दा आहे. त्यांचा काय संबंध?

तुझं वागणं मला अजून पटलेलं नाही. पण तुझ्या खांद्यावर वळ आहेत, या वाक्यापुढे माझ्याने वाचवत नाही. औषध लावलंस का? चौकशीत काय निघालं, ते कळव.

आहे तसा तुझाच,
मोकरान


ऐत वझरू,
१९ नोव्हेंबर

ती. मोकरानदद्दास,
सप्रेम सलाम, वि. वि.

वळ गेले. काळजी नको.

आता वर आले आहे. सरकारने पत्र्याची खोली दिली आहे, आपल्याच अंगणात. चौकशीतून काही निघालं नाही. कोणी म्हणतं विजेची तार, कोणी म्हणतं दरीतला कचरा, कोणी अजूनही तोच म्हणतं. पोलिसांनी लख्दरला सोडून दिलं. पुरावा नाही म्हणाले. तो नव्हता असं म्हणाले नाहीत.

गेल्या मंगळवारी तो आला. बसमधून उतरून भर दिवसा, चौकातून चालत. दारात उभा राहिला, आत येईना. हातांच्या जखमा भरल्यात, बोटं मात्र नीट मिटत नाहीत. मी म्हटलं, बस. रव्याची भाकरी होती, थोडं तेल होतं, मागच्या वर्षीचं, बहिणीसारख्या एका बाईने खालून पाठवलेलं. तो खाईना. म्हणाला, खालती, मला तुमच्या सीदीच्या कबरीवर ने, गावासमोर शपथ घेतो की मी आग लावली नाही. मग खाईन.

मी काही बोलायच्या आधीच तो रडायला लागला. म्हणाला, त्या सकाळी धुराचा डबा मी विझवला होता. वर वाळू टाकली होती. रोज टाकतो, त्या दिवशीही टाकली असणार. पण आता आठवायला गेलो की हातच दिसतो, वाळू दिसत नाही. खालती, मी टाकली ना?

मला विचारत होता, दद्दा. मला.

शपथ घेऊ दिली नाही. खोटी पडली तर तो मेला, आणि खरी ठरली तरी यूबा येणार नाही. मी भाकरी मोडली आणि त्याची बोटं वळत नाहीत म्हणून तुकडे करून त्याच्यापुढे ठेवले. खाऊन झाल्यावर यूबाच्या कबरीवर नेलं. तो दूर उभा राहिला. मी जवळ बोलावलं नाही. तेवढं माझ्याने झालं नाही.

परतीच्या बसला मी त्याला सोडायला गेले. चौकात सगळे बसले होते. माझ्या सलामला कोणी उत्तर दिलं नाही. आक्ली उठून घरात गेला. कोणीतरी खडा मारला, तो माझ्या पायाशी पडला. तेव्हा मी लख्दरचा हात धरला आणि त्याला घेऊन चौक ओलांडला.

लोक म्हणतात, ताऊसने त्याला माफ केलं. तसं नाही रे. माफ करायला त्याने काही केलंय, हे तर कळायला हवं. मी नुसता हात धरला होता. बस येईपर्यंत सोडला नाही.

तुला पटत नसेल तर पटवून घेऊ नकोस. पण माया तोडू नकोस, दद्दा. आलोच म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नाही.

तुझी,
ताऊस