मांडीतलं हाड

२ फेब्रुवारी, तासगाव
आज नव्या कामावर रुजू झाले. वाईहून सातारा, तिथून एसटीने तासगाव. स्टँडवर बागेचे मालक तात्याबा स्वतः जीप घेऊन आले होते. द्राक्षबागेतलं घर, मला वेगळी खोली, समोर बेदाण्याची शेड. त्यांच्या पत्नी राहीबाईंनी आल्या आल्या द्राक्षांचं ताट पुढे ठेवलं. हॉस्पिटलच्या पाळ्यांतून सुटले एकदाची! इथे पेशंट एकच, त्यांचा मुलगा धैर्यशील. दिवाळीनंतर बायकोला घेऊन उत्तरेत फिरायला गेला होता. बसस्थानकावर एका माणसाने अंगाला बांधलेला बॉम्ब उडवला. बायको, शिवांजली, जागीच गेली.

४ फेब्रुवारी
कानांचे पडदे फाटलेत, त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसंही सुजली होती. स्फोटानंतर आधी धडधाकट चालत होता म्हणे, मग श्वास कोंडून कोसळला. छर्रे बहुतेक काढलेत. डाव्या मांडीची जखम तेवढी भरत नाही. स्वभावाने फार मऊ. ड्रेसिंगच्या वेळी मलाच खुर्ची सरकवून देतो.

७ फेब्रुवारी
जखमेतून हाडाची टोकदार कपची वर आली. काढताना चिमट्यातून निसटली आणि ग्लोव्ह फाडून माझ्या अंगठ्यात रुतली. लगेच धुतलं. पण त्याचं मांडीचं हाड तर अखंड आहे! मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा स्फोटात शेजारच्या माणसाची हाडंही छर्ऱ्यांसारखी अंगात घुसतात. तुकडा तपासायला पाठवा, आणि तुमचंही रक्त तपासून घ्या.
धैर्यशील त्या कपचीकडे बघत राहिला. म्हणाला, “ती हाय, सिस्टर. माज्या डाव्या अंगालाच उभी हुती.”
शिवांजलीच्या देहाचं घरी फारसं काही आलंच नव्हतं.

१५ फेब्रुवारी
आत आणखी तुकडे आहेत. ऑपरेशनला तो नाही म्हणतो. दुपारभर मांडीवर हात ठेवून तिच्याशी बोलतो. बागेत द्राक्षांचा तोडा सुरू झालाय, आईचे गुडघे दुखतायत, असलं काहीबाही. राहीबाई दाराआड उभ्या राहून ऐकतात. मला वाटलं, असू दे. तेवढाच आधार.

२६ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन आला. हाड पुरुषाचं आहे.
ते म्हणाले, गर्दी होती, कुणाचंही असू शकेल. तात्याबांनी तेच समजावलं. धैर्यशील नकारार्थी मान हलवत राहिला. तिच्या पलीकडे एकच पुरुष होता, तो बॉम्बचा पट्टा बांधलेला, असं त्याने सांगितलं. मग राहीबाईंना विचारलं, “आये, मग मी इतकं दिस कुणासंगं बोलत हुतो?”


२८ फेब्रुवारी
आता सगळे तुकडे काढा म्हणतो. डॉक्टरांनी नकार दिला. दोन तुकडे धमनीला चिकटलेत, हात लावला तर पाय जाईल, जीवही जाईल. हे ऐकून तो हसला. तसं हसणं मी ऐकलेलं नाही.

१ मार्च
बागेतल्या कात्रीने मांडी उकरली. सकाळी, अंगणात, उन्हात बसून. हाताला लागतंय म्हणत होता. टाके घातले. तात्याबांनी सगळ्या कात्र्या घरातल्या कपाटात कुलपात टाकल्या.

३ मार्च
पू. ताप उतरत नाही. माझा रिपोर्ट ठीक आहे, पुन्हा तपासायचाय. अंगठा केव्हाच बरा झालाय, तरी धैर्यशील सारखा त्याच्याकडेच बघतो. आज हात धरून रडला.
“त्यो बॉम्बवाला तुमच्यात बी शिरलाय, ताई. माज्यापायी.”
काही शिरलेलं नाही, हे ओरडून सांगितलं. लिहूनही दाखवलं. नुसता मान हलवतो.

४ मार्च
बॅग भरली. तात्याबा म्हणाले, मिरजेत खाट मिळेपर्यंत तरी थांबा. माझा पाय निघेना. थांबले.

५ मार्च, दुपार
तात्याबा आणि राहीबाई खाटेसाठी मिरजेला गेलेत. फोन लागत नाही. कात्र्यांच्या कपाटाचं कुलूप फुटल्याचा आवाज — मी आतून कडी लावलीय. तो दाराशी आहे. पाय फरफटत आलाय, उंबऱ्याखालून रक्त —
रागावलेला नाही. अगदी मायेने बोलतोय —
“भिऊ नका. अंगठाच तेवढा. माजं काढायचं ऱ्हायलं, तुमचं तरी —”
कडीचे स्क्रू सुटतायत. शेडमधल्या बायकांना हाका — मशीन चालू —
एक स्क्रू पडला —
म्हणतोय, हात पुढं करा, सिस्टर, त्यो वर चढायच्या आ