जऊळक्याहून येणारी फुलं

मंगरूळपीर,
चैत्र वद्य ३, शके १८५६

गोजराबाई यांस चतुराचा नमस्कार.

जऊळक्याला तुमची प्रकृती बरी असेल. इकडे ऊन फार आहे. विहिरीला दोन हात पाणी उरलं आहे. कपिला गाय व्याली, कालवड झाली.

मी आजवर तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, तेव्हा उदयसिंग मास्तर तुम्हाला हे वाचून दाखवायला लागले की ही चतुरा कोण असं तुमच्या मनात येईल. तुमची चंदा गेल्यावर ह्या घरात जी दुसरी आली, ती मी. लग्नाला चार वर्षं झाली.

पत्र लिहिण्याचं कारण, तुमचे जावई आजारी आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेला गेले होते. तिथे त्यांच्या ओळखीचे मोहनसिंग आहेत, त्यांच्याकडून एक गोऱ्हा घेतला आणि त्याला हाकत पायीच निघाले. दुसऱ्या दिवशी मधल्या माळावर गोऱ्ह्याला ऊन लागलं. तोंडाला फेस आला आणि ते जनावर खालीच बसलं. आजूबाजूला झाड नाही. ह्यांनी अंगातला सदरा काढला, डोक्याचं पागोटं सोडलं, नाल्यात उरलेल्या डबक्यात दोन्ही भिजवून त्याच्या डोक्या-मानेवर घातलं. वाळलं की पुन्हा भिजवायचं. असं सकाळपासून दिवस कलेपर्यंत. स्वतः उघडे. नंतर तसेच चालत घरी आले. गोऱ्हा वाचला. आता गोठ्यात कडबा खातो आहे आणि मला त्याचं तोंड पाहवत नाही.

ह्यांची पाठ आणि दोन्ही खांदे लाल होऊन फोड आले आहेत. पाय गुडघ्यापर्यंत सुजले आहेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. गाडीत घालून सरकारी दवाखान्यात न्यावं म्हटलं, तर पाठ टेकवत नाही आणि बसवतही नाही. मी हळद घालून तिळाचं तेल चोळलं. पायांना गरम रेतीची पुरचुंडी करून शेकलं. त्याने काही उतार पडला नाही.

शेजारच्या हिरीबाई म्हणतात की असंच पूर्वी एकदा झालं होतं आणि तेव्हा तुमच्याकडचं काहीतरी लावून बरं वाटलं होतं. ते काय होतं आणि कसं लावायचं, तेवढं मास्तरांकडून दोन ओळींत कळवावं. पाठवण्याची तसदी घेऊ नये. आमच्याकडे सगळं मिळतं.

कळावे,
चतुरा


मंगरूळपीर,
चैत्र वद्य ९

गोजराबाई यांस नमस्कार.

तुमचं पत्र आणि वाळलेल्या पळसफुलांचं गाठोडं फेरीवाल्या जब्बारभाईंच्या हाती परवा सकाळी पोचलं. कापडाचे गठ्ठे सोडून ते आधी आमच्या दारात आले. म्हणाले, "म्हातारीनं सांगतलं, वाटेत पानी पियाले बी थांबू नोको." गाठोडं त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. माठातल्या पाण्यात फुलं भिजवली, पाणी केशरी झाल्यावर गाळून घेतलं. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यात बुडवून पाठीवर नुसता ठेवत गेले, चोळला नाही. फोड फोडले नाहीत. पायांखाली गोधडीच्या दोन वळकट्या घालून पाय वर केले आणि त्यांवरही तेच ओलं फडकं. प्यायला पातळ ताक आणि कैरीचं पन्हं, घोटाघोटाने, दिवसभर. शेक बंद केला. तुम्ही लिहिलंत, "भाजलेल्या अंगाले तेल लावलं त आतली आग आतच राह्यते, पोरी." मास्तरांनी तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले दिसतात. तुम्हाला मला रागवायचं असेल तर तेही उतरवायला सांगा.

आज पाठीची लाली कमी आहे. कालपासून ज्वर नाही. पायाची सूज घोट्याच्या वर थोडी उतरली.

ज्वराचं मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. ते पत्र टाकलं त्याच दिवशी चढला होता. तीन दिवस अंग तव्यासारखं. त्यात ते काय बोलत होते हे मी कोणालाही सांगणार नव्हते. तुम्हाला तर नाहीच. पण तुम्हालाच सांगते. ते म्हणत होते, "चंदे, ते गार पानी आन. चंदे, पाठीवर हात ठेव." मी हात ठेवला. तर म्हणाले, "हा नाही."

गोजराबाई, माझा हात होता तो. चार वर्षं ह्या हाताने त्यांच्या भाकरी थापल्या आहेत.

तुमची मुलगी जिवंत असती तर मी तिच्याशी भांडले असते. तिच्या हातातली घागर ओढून घेतली असती, तिला म्हटलं असतं, हो बाजूला. पण ती भांडायला मिळतच नाही. चूल तिने घातलेली, तुळस तिने लावलेली. गोठ्यातली म्हातारी गाय अजून तिच्याच हाकेसारखी हाक मारली तर वळते, असं हिरीबाई हसत हसत सांगतात. आणि आता तुमचं पत्र. तुम्ही लिहिता की त्यांना सूज आधी डाव्या पायाला येते आणि उतरते ती उजव्याची आधी. मी फडकं काढून पाहिलं. खरं निघालं. चार वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. दोन दिवस मी त्या डाव्या पायाकडे बघते आहे आणि मला तुमचा राग येतो आहे. माझ्या नवऱ्याचा पाय जऊळक्याच्या म्हातारीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावा!

जाऊ द्या. औषध लागू पडलं, ह्याबद्दल उपकार आहेत.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत की गेल्या चार फाल्गुनांत धाडलेली फुलं पोचली होती की नाही. जब्बारभाईंना पुष्कळ गावं फिरावी लागतात. एवढ्या सामानात इकडचं तिकडे होत असेल.

फुलं अजून आठवडाभर पुरतील.

तुमची,
चतुरा


मंगरूळपीर,
वैशाख शुद्ध ३, अखाजी

आई,

आधी मास्तरांना विनंती आहे. हे पत्र ओट्यावर चार माणसांत वाचू नये. घरात बसून एकट्या आईंना वाचून दाखवावं, आणि मधे कुठे थांबू नये.

तुमचे जावई बरे आहेत. ही बातमी पहिली. पाठीची साल निघाली, खाली नवी कातडी आली आहे. पाय पूर्वीसारखे झाले. कालपासून काठीशिवाय चालतात.

आता दुसरं. जब्बारभाईंच्या हातून काही हरवलं नव्हतं.

पहिल्या वर्षी फाल्गुनात ते आले, गाठोडं दिलं, म्हणाले, जऊळक्याच्या गोजराबाईंनी जावयासाठी दिलं आहे, दर उन्हाळ्यात देतात. मला ह्या घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी गाठोडं घेतलं, परसात गेले आणि उकिरड्यावर टाकलं. वरून शेण टाकलं, दिसू नये म्हणून. दुसऱ्या वर्षीही तेच केलं. तिसऱ्या वर्षी जब्बारभाईंना दारातच सांगितलं की आता हे आणत जाऊ नका, घरच्यांना नको आहे. ते म्हणाले, "बाई, म्हातारी उन्हात फिरून गोळा करते." मी म्हटलं, करू द्या. यंदाही त्यांना तसंच परत पाठवलं. त्यांनी हे तुम्हाला सांगितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. गाठोडी आपल्या घरी नेऊन ठेवत होते, असं आता कळलं.

आणखी आहे. मी पहिल्या पत्रात विचारलं, काय लावायचं. मला माहीत होतं काय लावायचं. ज्या दिवशी ते भाजून आले त्याच दिवशी हिरीबाई म्हणाल्या होत्या, "अवं चतुरा, पळसाचं पानी लाव. चंदीच्या मायले निरोप धाड, मी मानूस देतो." मी म्हटलं, माझ्या घरात माझं औषध चालेल. आणि तेल चोळलं. ते ओरडले तरी चोळलं. तीन दिवस मी हट्ट धरला, आई. फोड वाढले, ज्वर आला, तेव्हा कुठे कागद घेतला. आणि कागद घेऊनही खोटंच लिहिलं.

मला वाटायचं, त्या फुलांबरोबर ती घरात येते. दर फाल्गुनात येईल आणि त्यांच्या अंगावर हात फिरवून जाईल.

परवा ते ओसरीत बसले होते. मी पाठीवर शेवटचं पाणी लावत होते. ते आपणहून म्हणाले, "म्हातारीनं चार वर्सं आठवन नाही ठेवली. मले वाटलं, पोरगी गेली तवा जावईबी गेला तिच्यासाठी. आता बिमार पडलो तवा तिले आठवलो."

ते तुमच्यावर रुसले होते. माझ्यामुळे, आणि त्यांना माहीतही नव्हतं. मी गप्प बसले असते तर कोणालाच कळलं नसतं. जब्बारभाई बोलले नसते. मी फडकं पिळलं, ताटलीत ठेवलं आणि सगळं सांगितलं. उकिरडा, शेण, सगळं.

ते ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ओरडले नाहीत. उठले, काठी घेतली आणि गोठ्यात जाऊन त्या गोऱ्ह्याशेजारी बसले. दुपारी ताट नेलं, ते झाकलेलंच परत आलं. हिरीबाईंच्या घरून आलेलं ताक प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठा झाडायला गेले, तेव्हा बोलले.

"तू एक गोष्ट आयक," म्हणाले. "तू आली तवा म्या पाह्यलं, तिचं नाव निंघलं की तुहं तोंड उतरते. मनून म्या नाव घेनं सोडलं. जऊळक्याले जानं सोडलं. चार वर्सं त्या म्हातारीच्या दारात गेलो नाही, तुले वाईट वाटीन मनून. अन् तू तिची फुलं शेनात टाकून राह्यली होती!"

मी झाडू धरून उभी. मला चार वर्षं वाटत होतं की ते गप्प बसतात ते तिच्या आठवणीत. ते माझ्यासाठी गप्प होते, आई. मला जे हवं होतं ते मला मिळत होतं आणि मी त्याचाच मत्सर करत बसले होते.

मी म्हटलं, "मले माहेरी धाडता का?"

ते म्हणाले, "काहून? गोठा कोन झाडीन?" एवढंच. हसले नाहीत. पण दुपारी ताट रिकामं परत आलं.

आज अखाजी. वाडवडिलांच्या घागरी भरायच्या. दरवर्षी सासूसासऱ्यांच्या नावाच्या दोनच भरायचे. चंदाच्या नावाची घागर ह्या घरात मी आल्यापासून भरली गेली नव्हती. ह्यांनी मागितली नाही, मी ठेवली नाही. आज सकाळी मी तिसरी घागर कुंभाराकडून आणून घासली, विहिरीचं गाळलेलं पाणी भरलं, वर आंबा आणि खरबूज ठेवलं. ह्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, "चंदाबाईंची." हे नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग पाणी सोडलं.

आता माझं मन निवळलं, असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. पाणी सोडताना त्यांचे डोळे भरले. मी मेले तर माझ्यासाठी असे भरतील का, हा विचार देवासमोर बसून केला. तुमची मुलगी सहा वर्षं ह्या घरात होती, मला चारच झाली आहेत, हा हिशेबही केला. तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

रीत म्हणून नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं माहेर ते दुसरीचं माहेर होतं. लग्नानंतर तुम्ही दोनदा बोलावणं धाडलंत, चोळीचा खण धाडलात. मी आले नाही, तेव्हा ह्यांनाही कळू दिलं नाही. खण पेटीत तसाच आहे, शिवला नाही. आता बोलावण्याचा हक्क माझा नाही, तरी बोलावते. तुमचे जावई येत्या सोमवारी गाडी घेऊन जऊळक्याला येतील. त्यांनी स्वतः सांगितलं आहे. मीही गाडीत असेन. तुम्ही दारात उभं केलंत तर उतरेन, नाहीतर गाडीतच बसून राहीन. तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या, त्यांना पोटभर जेवू घाला, वाटेल तितका वेळ ठेवून घ्या. उन्हात बसायची मला आता भीती वाटत नाही.

चंदाबाईंच्या मागून ह्या घरात आलेली,
चतुरा