दाराजवळची खुर्ची

३ जुलै, सोमवार
वर्गात नव्यानं आलेली सगळी पोरं रडली, एकच नाही रडली. तीच अवघड! मदतनीस मावशींना मी तेव्हाच म्हटलं. त्या म्हणतात, "शहाणी आहे हो पोर." शहाणी कसली! पाठीवर दप्तर, पट्टे घट्ट मुठीत, बाबांच्या गुडघ्याला चिकटून उभी. दप्तर काढ म्हटलं की मान हलवते. मी तिचं नाव ठेवलं — दप्तरवाली.

बाबा बसड्रायव्हर. आईची परगावी बदली झालीय, महिन्यातून एकदा येते. बाबांची रजा सतरा तारखेला संपते. तोवर पोरगी रुळली नाही तर तिला आत्याकडे ठेवणार, तीही दुसऱ्या गावी. "जीव होत नाही बाई, पण बसमध्ये घेऊन फिरू का हिला?"

असं बरं होऊ देईन! पोरं रुळवण्यात हयात गेली माझी.

४ जुलै
खुर्ची मांडली. पालकानं वर्गात बसायचं — बोलायचं नाही, बोलवायचं नाही, मोबाइल नाही. खुर्ची रोज थोडी दाराकडे सरकवायची, मग दाराबाहेर, मग पालक घरी. ही पद्धत शाळेत मी आणली. शेजारच्या वर्गात अजून पोरांना काखोटीला मारून आत नेतात आणि मग डोकं धरून बसतात!

खुर्ची मुलांचीच, टीचभर. ड्रायव्हरसाहेबांचे गुडघे हनुवटीला लागले. पण हूं की चूं नाही. शाबास.

६ जुलै
घात केला! दप्तरवाली पहिल्यांदाच मण्यांत रमली, तर हे गृहस्थ हळूच सटकले. तिनं वळून पाहिलं. रडली नाही. गेली, रिकाम्या खुर्चीवर बसली आणि शाळा सुटेपर्यंत उठली नाही. दप्तरासकट.

परत आल्यावर त्यांना चांगलं फैलावर घेतलं. "रडली तरी चालेल, पण सांगून जायचं!" ते खाली बघत म्हणाले, "तिची आई पण तशीच गेली हो. पहाटे, ही झोपेत असताना. आम्हाला वाटलं, तेवढंच रडणं वाचेल."

फार वाईट वाटलं मला, त्या दोघांचंही.

७ जुलै
पहिले पाढे पंचावन्न. खुर्ची पुन्हा आत, पार फळ्यापाशी. त्यात साहेबांचा बिल्ला हरवलाय. "घर पालथं घातलं बाई. बिल्ल्याशिवाय बस हातात देत नाहीत." मी म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! असेल तिथंच कुठंतरी." दप्तरवाली त्यांना टेकून सगळं ऐकत होती.

११ जुलै
पाणी! आधीच कसं सुचलं नाही?

टेबल धुण्याचं काम दाखवलं. बादली, साबण, ब्रश, फडकं. मी एकदा करून दाखवलं, एक शब्द न बोलता. मग तिनं घेतलं — दप्तर पाठीवरच! वाकली की दप्तर डोक्यावर यायचं. बादली लवंडली. मावशी धावल्या, मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं आणि स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरले, कारण तेही शिवशिवत होते. तिनं फडकं आणलं, पुसलं, पिळलं, पुन्हा पुसलं.

ऊर भरून आला. मी काय काय पाहिलंय, तरी.

१२ जुलै
टेबल. पुन्हा टेबल. पुन्हा तेच टेबल! इतकं स्वच्छ टेबल गावात नसेल.

१४ जुलै, शुक्रवार
आजचं नीट लिहिते.

टेबल झालं. मग बादली घेऊन ती खुर्चीपाशी गेली. "बाबा, ऊठ." साहेब उठले. तिनं खुर्ची घासली — पाय, पाठ, खालून, वरून. ते पुन्हा टेकणार, तोच म्हणाली, "ओली आहे."

"मग मी कुठं बसू?"

बराच वेळ विचार केला तिनं. "जा तू."

आणि खुर्ची दोन्ही हातांनी ओढत दाराबाहेर नेऊन ठेवली. वाळायला! साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खूण केली. ते उकिडवे बसले, म्हणाले, "जातो हं. शाळा सुटली की येतो. टाटा." तिनंही टाटा केला आणि फडकं पिळायला गेली.

मी सामानाच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले आणि मावशींना मिठी मारली. खुर्ची सरकवायचं काम माझं, पण आज ती पोरीनं सरकवली! मोठ्या बाईंना सांगितलं, शेजारच्या वर्गालाही मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं. मिरवले, हो!

दप्तर मात्र अजून पाठीवरच. ते का, काही कळेना.

१७ जुलै, सोमवार
दारातच तिनं दप्तर काढलं. उघडलं. आतून बिल्ला काढला आणि बाबांच्या खिशावर लावायला लागली. लागेना. त्यांचे डोळे भरलेले, तरी तसेच वाकून राहिले. मी हात मागे धरून उभी. लागला शेवटी, तिरका. "आता जा."

रिकामं दप्तर खुंटीवर अडकवलं तिनं.

आणि मी म्हणे पोरीला रुळवत होते!